मानखांदे आखडलेत, झोप नाही. नियमित मालिशचा खरंच उपयोग होतो का?

चौथी_सीट

नमस्कार मंडळी. वय ४३, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, डोंबिवलीहून रोजचं जाणंयेणं. वर्ष झालं, उजवा खांदा आणि मान पार आखडून गेलीय. रात्री तीनला जाग येते आणि मग डोक्यात व्हाउचरं नाचायला लागतात. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, झीज वगैरे काही नाही म्हणाले. व्यायामाचा कागद दिला आणि "ताण कमी करा" म्हणाले. मार्च एंडिंगला तो कसा कमी करायचा, ते मात्र कागदावर नाही.

ऑफिसजवळच्या एका स्पाने दहा मसाजचं पॅकेज पंधरा हजारांत देऊ केलंय. तिथली मुलगी म्हणते बीपी उतरतं, विषद्रव्यं बाहेर पडतात, प्रतिकारशक्ती वाढते. सासूबाई म्हणतात, पंधरा हजारांत आयुष्यभराचं तिळाचं तेल येईल. कुणाला अनुभव आहे का? नियमित म्हणजे तरी किती वेळा?

गिरगावचा_बंड्या

चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खुळखुळवत फिरणाऱ्याकडून चंपी करून घेतली होती एकदा. ताण संपूर्ण गेला. जाग आली तेव्हा चपलाही गेल्या होत्या.

तेलवाला_परळ

ताई, माझा हाच धंदा आहे म्हणून लिहितो. मला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो, मी बोलून टाइप करतो, तेव्हा शुद्धलेखनाकडे कानाडोळा करा. अंधांच्या संस्थेत मालिश शिकलो, दादर-परळ-माटुंग्याला घरोघरी जातो.

आधी त्या पॅकेजवाल्या मुलीचं बघू. विषद्रव्यं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, माझा अंगठा नाही. मालिशनंतर तांब्याभर पाणी प्या, चांगलंच आहे, पण त्यातून काही धुऊन निघत नाही. प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर छोट्या अभ्यासांत रक्तातल्या काही पेशी थोड्या वाढलेल्या दिसल्यात. म्हणून यंदा सर्दी होणार नाही असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. बीपीत थोडं तथ्य आहे. अंग सैल पडलं की श्वास संथ होतो, नाडी उतरते, बीपीही जरा खाली येतं. पण ते तेवढ्यापुरतं. त्या भरवशावर गोळी बंद करणारे लोक मला भेटलेत, त्यांना मी हात लावायच्या आधी गोळी घ्यायला लावतो.

मग उरतं काय? बरंच उरतं. कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक मालिशने धाडकन खाली येतं असं जाहिरातीत छापतात. पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तो फरक अगदी किरकोळ निघाला. पण माणसाची बेचैनी मात्र खरंच कमी होते, आणि एकदाच करून थांबणाऱ्यांपेक्षा काही आठवडे करत राहणाऱ्यांना जास्त फायदा होतो. माझं मत विचाराल तर, तासभर हातात फोन नाही आणि "आई, माझा डबा कुठाय" अशी हाक नाही, यातच अर्धं औषध आहे. माझी बरीच गिऱ्हाइकं मधेच घोरायला लागतात. मी उठवत नाही, पुढचं घर उशिरा गाठतो.

आता तुमचा उजवा खांदा. न बघता सांगतो (बघणार तरी कसा म्हणा). पर्स त्याच खांद्यावर, माउस त्याच हातात, आणि तुमचं नावच चौथी सीट. तीन जणींच्या बाकावर चौथी म्हणून टेकायचं तर अर्धं अंग बाहेर, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला, कंबर एकीकडे आणि मान दुसरीकडे. घाटकोपर येईपर्यंत तसंच. खांद्याच्या पात्याचा वरचा, मणक्याकडचा कोपरा चाचपून बघा, बहुतेक सुपारीएवढी गाठ लागेल. तिथून एक स्नायू मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत जातो. पर्स घसरू नये म्हणून तो बिचारा डोंबिवली ते सीएसएमटी खांदा उचलून धरतो.

त्या गाठीला मी सुरुवातीला हातच लावत नाही. आधी पाठ, मग दोन्ही खांदे तळव्याने गरम करायचे. मग अंगठा गाठीच्या कडेला ठेवायचा. समोरच्याने श्वास सोडला की दाब किंचित वाढवायचा, श्वास घेतला की आहे तिथेच धरायचा. घाई केली की ती पळते. थोड्या वेळाने अंगठ्याखाली एकदम जागा होते आणि माणूस आपोआप लांब श्वास सोडतो. "जोर लावा, अजून जोर" म्हणणारी मंडळी पुष्कळ. त्यांना वाटतं दुखलं म्हणजे पैसे वसूल. प्रत्यक्षात दुखलं की माणूस दात आवळतो, अंग ताठरतं आणि ती गाठ आणखी घट्ट होते. दुसऱ्या दिवशी जरा ठणकलं तर चालेल, निळंजांभळं झालं तर मालिशवाला बदला.

किती वेळा? दहाचं पॅकेज घेऊ नका. सुटी एक करून बघा, त्या रात्रीची झोप बघा. बरं वाटलं तर महिनाभर आठवड्याला एकदा, तीही फक्त मान-खांदे-पाठ, अर्धा तास पुरतो. पुढे पंधरवड्याला किंवा महिन्याला. वर्षातून एकदा दोन तासांचा शाही मसाज घेण्यापेक्षा हे बरं. आणि पर्स बदला, पाठीवरची सॅक घ्या, नाहीतर चार दिवसांत गाठ जागच्या जागी. ते माझ्या धंद्याला सोयीचं आहे, तुमच्या खांद्याला नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. मान कुणाकडूनही कडकड मोडून घेऊ नका. मानेतली रक्तवाहिनी दुखावून पक्षाघात झाल्याच्या घटना आहेत.

सासूबाईंचं काही चूक नाही. रात्री तळपायांना तेल, घरात काशाची वाटी असेल तर तिने चोळायचं. थंडीत तीळ, मुंबईच्या मे महिन्यात खोबरेल. वर जुने मोजे चढवा. तेलकट पायांनी न्हाणीघरात गेलात तर ताण राहील बाजूला, पाय प्लास्टरात जाईल.

फिजिओ_मुलुंड

वरच्या दादांशी जवळपास सगळ्या बाबतीत सहमत. फक्त एक भर. कंबरदुखीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. बारा आठवड्यांच्या आतल्या दुखण्यात गोळ्यांच्या आधी शेक, मसाज वगैरे करून बघा असं त्यात आहे, पुरावा भक्कम नाही हेही नमूद करून. जुन्या दुखण्याच्या यादीत मात्र व्यायाम आहे, योग आहे, मसाज नाही. तुमची मान आहे, कंबर नाही, हे मान्य. पण वर्षभराचं दुखणं आहे, तेव्हा तो व्यायामाचा कागद फ्रिजवर लावा. मसाजने अंग सैल झालेलं असतं तेव्हाच तो व्यायाम सोपा जातो. खर्चाचा प्रश्न असेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. आयुर्वेदाकडे ओढा असेल तर वरळीचं पोदार रुग्णालय.

चौथी_सीट

सगळ्यांचे आभार. सॅक मागवली. आता एक वेगळंच. सासूबाई परवा पंढरपूरहून एसटीने आल्या आणि डावी पोटरी सुजलीय, गरम लागतेय. मला म्हणतात, तेल कोमट कर आणि जोरात चोळून दे. करू का?

तेलवाला_परळ

अजिबात नको! हातही लावू नका, आजच्या आज डॉक्टर गाठा. एकाच पायाला सूज, पोटरी गरम आणि दुखरी, त्यात लांबचा बसून प्रवास. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळताना ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. चालता चालता दम लागला किंवा छातीत दुखलं तर डॉक्टरांची वाट न बघता सरळ हॉस्पिटल. आमच्या सरांनी मालिश शिकवण्याआधी, कुणाला मालिश करायची नाही, तेच शिकवलं होतं. ताप, कातडीचा संसर्ग, ताजं हाड मोडलेलं असेल तर मालिश नाहीच. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर हलक्या हाताने आणि विचारून. साखरेने पाय बधिर झालेल्यांना कडकडीत तेल नाही, चटका बसला तरी त्यांना कळत नाही.

चौथी_सीट

रात्रीच नेलं. पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी केली, गुठळी नाही, स्नायू ताणला गेलाय म्हणाले. सासूबाई आता "चोळलं असतं तर कधीच बरं झालं असतं, पैसे गेले ते गेले" म्हणून ऐकवतायत. असो. दादा, ओळखीत कुणी मालिशवाली नाही. बाई चांगली शिकलेली आहे की नाही, ते ओळखायचं कसं?

तेलवाला_परळ

प्रमाणपत्र मागाच, पण त्याहून आधी ती काय विचारते ते बघा. बीपी, साखर, ऑपरेशन, चालू गोळ्या, दिवस गेलेत का, कुठे दुखतं, कुठे हात लावलेला चालणार नाही. यातलं काहीच न विचारता तेल ओतायला लागली तर उठून या. आगाऊ पैसे देऊ नका, म्हणजे उठायला सोपं जातं.