मदत हवी आहे: 'मेक' कुठे वापरायचं आणि 'डू' कुठे?

नमस्कार मंडळी,

मराठी माध्यमातून शिकलेल्या मोठ्या माणसांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. काळ, शब्दयोगी अव्ययं वगैरे निभतं, पण 'मेक' या साध्या क्रियापदापाशी प्रत्येक तुकडी अडते. त्यांना 'पाठ करा' एवढंच सांगून गप्प बसवणं मला पटत नाही, म्हणून हा धागा.

पुस्तकांत सरळ लिहिलेलं असतं: मेक म्हणजे बनवणे, डू म्हणजे करणे. खुर्ची, केक, कागदाची होडी इथपर्यंत ते चालतं. पुढे चूक, फोन, प्रगती, प्रयत्न, गोंगाट येतात. मराठीत आपण या सगळ्या गोष्टी 'करतो', इंग्रजीत मात्र त्या 'मेक' होतात. आणि गृहपाठ, व्यायाम, संशोधन, उपकार हेही आपण करतोच, तर तिथे 'डू'. मग 'बनवणे'चा नियम गेला कुठे?

आणखीही काही गोष्टी विचारायच्या आहेत. डिसिजन 'मेक' करायचं की 'टेक'? 'ही मेड मी क्राय' यात 'टू' नाही, पण 'आय वॉज मेड टू क्राय' यात तो येतो, हे कसं? 'मेक अप'चे इतके अर्थ एकमेकांशी कसे जोडायचे? आणि टेबल 'मेड ऑफ वुड', तर कागद 'मेड फ्रॉम वुड' का?

उदाहरणं देऊन सांगितलंत तर वर्गात थेट वापरता येईल.

प्रतिसाद

ताई, अडचण 'मेक'ची कमी आणि आपल्या 'करणे'ची जास्त आहे. मराठीत 'करणे' जवळपास कुठल्याही नामाला चालतं. तेच काम इंग्रजीत पाचसहा क्रियापदांनी वाटून घेतलंय. जेवण करणे म्हणजे हॅव लंच, गुन्हा करणे म्हणजे कमिट अ क्राइम, प्रश्न करणे म्हणजे आस्क अ क्वेश्चन. त्यामुळे मराठीतून क्रियापद उचललं की घोळ होणारच.

'बनवणे' ऐवजी असं सांगून बघा: क्रियेच्या शेवटी आधी नसलेलं काहीतरी उरलं तर बहुधा 'मेक', नुसतं काम उरकलं तर बहुधा 'डू'. चूक केली की चूक उरते, यादी केली की यादी उरते, आवाज केला की आवाज झालेला असतो. भांडी घासली, इस्त्री केली, झाडलोट केली, तर काम हातावेगळं होतं. म्हणून डू द डिशेस, डू द आयर्निंग, डू द क्लीनिंग.

नियम पक्का नाही, कल दाखवतो एवढंच. 'मेक द बेड' म्हणजे अंथरूण नीट करणं, तिथे कोणी पलंग बनवत नाही.

त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे गट. बोलण्यातून जन्मणारी बहुतेक नामं 'मेक'कडे जातात: प्रॉमिस, सजेशन, ऑफर, रिक्वेस्ट, कम्प्लेंट, कॉमेंट, अनाउन्समेंट, एक्सक्यूज, अपॉलॉजी. स्पीचला मेक आणि गिव्ह दोन्ही चालतात. हा गट एकदा दाखवलात की वर्गाला एकदम दहाबारा जोड्या मिळतात. दुसरा गट पैशाचा: मेक मनी, मेक अ प्रॉफिट, मेक अ पेमेंट, मेक अ लिव्हिंग. तिसरा बदलाचा: मेक प्रोग्रेस, मेक अ चेंज, मेक अ डिफरन्स, मेक ॲन एफर्ट.

'डू'कडे भलंबुरं जातं: डू गुड, डू हार्म, डू डॅमेज, डू अ फेवर, डू जस्टिस. शिवाय डू युअर बेस्ट आणि डू युअर ड्यूटी.

प्रतिसाद

डिसिजनबद्दल: 'मेक अ डिसिजन' सगळीकडे चालतं, तेच शिकवा. 'टेक अ डिसिजन' ब्रिटिश इंग्रजीत बरोबर आहे, विशेषतः औपचारिक लिखाणात. अमेरिकन कानाला ते परकं वाटतं. आपल्याकडे निर्णय 'घेतात', त्यामुळे मराठी माणूस आपोआप 'टेक' म्हणतो. त्याला चूक ठरवू नका, फरक तेवढा सांगा. असाच फरक 'डू अ डील' या ब्रिटिश आणि 'मेक अ डील' या अमेरिकन वापरात आहे.

वर्गात 'असं का?' हा प्रश्न आला की मराठीकडे वळा. आपण मार खातो, भाव खातो, हवा खातो आणि समोरच्याचं डोकंही खातो. हाक मारतो, गप्पा मारतो, मिठी मारतो, सही मारतो. यातलं कुठलंही आपल्याला कोणी नियमाने शिकवलेलं नाही. क्रियापदाचा स्वतःचा अर्थ झिजतो आणि सगळा भार नामावर येतो. 'मेक अ डिसिजन' म्हणजे शेवटी 'डिसाइड'च. शब्द त्याच्या सोबतीवरून ओळखावा असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली लिहिलं. पुढे शब्दांच्या अशा जोड्यांचा, म्हणजे कोलोकेशनचा, अभ्यास खूप वाढला.

प्रतिसाद

'टू'वाला प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

'ही मेड मी लाफ' म्हणजे 'त्याने मला हसवलं'. मराठीत यासाठी प्रयोजक क्रियापद आहे: हसणे-हसवणे, रडणे-रडवणे, थांबणे-थांबवणे. इंग्रजीत असं रूप सहसा होत नाही, म्हणून 'मेक' मदतीला येतं. रचना ठरलेली: मेक, मग माणूस, मग क्रियापदाचं मूळ रूप.

मराठी विद्यार्थी मध्ये 'टू' घालतात, कारण मनात 'रडायला लावलं' असतं आणि त्या '-यला'ची जागा 'टू' घेतो. वर्गात 'हसवलं, रडवलं, थांबवलं' ही रूपं समोर ठेवून शिकवलं तर तो 'टू' बऱ्यापैकी सुटतो. एक लक्षात असू द्या: 'हसवलं' यात सक्ती नाही, 'लिहायला लावलं' यात आहे. 'मेक' दोन्हीला पुरतं, नेमकं कोणतं ते संदर्भावरून ठरतं.

कर्मणीत मात्र 'टू' हवाच: शी वॉज मेड टू वेट. जुन्या इंग्रजीत कर्तरीतही तो यायचा. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तेविसाव्या स्तोत्रात 'मेक'नंतर 'टू' आहे. कर्तरीतून तो गळाला, कर्मणीत टिकला.

'मेक'नंतर विशेषण आलं तर प्रश्नच नाही: मेक हर हॅपी, मेक इट क्लिअर. इथे मध्ये 'टू बी' घालू नये.

प्रतिसाद

'मेक अप' पटकन सांगतो. तुकडे जोडून काहीतरी पुरं करणं हा धागा धरलात तर बरेच अर्थ जवळ येतात. गोष्ट रचली: मेड अप अ स्टोरी. भांडण मिटवलं: दे मेड अप. बुडालेला वेळ भरून काढला: मेड अप फॉर लॉस्ट टाइम. अकरा खेळाडूंचा संघ बनतो: इलेव्हन प्लेयर्स मेक अप अ टीम. मनाशी पक्कं केलं: मेड अप माय माइंड. चेहऱ्याचा मेकअप सगळ्यांना माहीतच आहे.

ऑफ आणि फ्रॉम: मूळ वस्तू ओळखू येते तिथे ऑफ, रूप पालटलं तिथे फ्रॉम. टेबलात लाकूड दिसतं, कागदात दिसत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! 'हसवलं-रडवलं'ची तुलना उद्याच फळ्यावर जाणार. बोलण्यातून जन्मणाऱ्या नामांचा गटही फार उपयोगी आहे.

अजून दोन गोष्टी. एखादी जोडी बरोबर आहे की नाही हे विद्यार्थ्यांना स्वतःला तपासता येईल का? आणि 'आय कान्ट मेक इट' याला चपखल मराठी काय?

प्रतिसाद

तपासता येतं. कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश हा प्रत्यक्ष लिखाणाचा आणि बोलण्याचा संग्रह ऑनलाइन आहे. त्यात १९९० ते २०१९ मधल्या अमेरिकन इंग्रजीचे १०० कोटींहून जास्त शब्द आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस सुमारे १० कोटी शब्दांचा आहे. 'मेक' टाकून पुढे कोणती नामं वारंवार येतात ते पाहता येतं. नवख्यांना हे जड वाटलं तर गुगलचा एनग्राम व्ह्यूअर (पुस्तकांत एखादा शब्द किती वेळा येतो याचा आलेख दाखवणारं साधन) सोपा: 'मेक अ डिसिजन' आणि 'टेक अ डिसिजन' शेजारी टाका, ब्रिटिश आणि अमेरिकन आलेख वेगवेगळे बघा. ऑक्सफर्डचा कोलोकेशन्स शब्दकोश वर्गात ठेवलात तर उत्तमच. त्यात नाम शोधायचं, क्रियापदं तिथेच मिळतात. वहीतही असंच लिहायला सांगा: 'मिस्टेक' एकटा लिहायचा नाही, 'मेक अ मिस्टेक' अख्खं लिहायचं.

प्रतिसाद

'मेक इट'ला 'जमणे' बहुतेक ठिकाणी चपखल बसतं. 'आय कान्ट मेक इट टुमारो': उद्या जमणार नाही. 'वी मेड इट!': जमलं एकदाचं! गाडी गाठल्यावर म्हटलं तर 'पोचलो बाबा वेळेत'. गंभीर आजारी माणसाबद्दल 'ही डिडन्ट मेक इट' म्हणतात तेव्हा मात्र 'तो वाचला नाही' असाच अर्थ असतो. हे वर्गात जरूर सांगा, कारण तिथे 'जमलं नाही' असं समजून कोणी उत्तर दिलं तर समोरच्याला फार लागेल.

त्याच घरातलं 'मेक डू' म्हणजे आहे त्यात भागवणे. आणि 'मेक एंड्स मीट'ला आपल्याकडे तयार शब्द आहे: तोंडमिळवणी करणे.