आत्याचा डेटा कोण खातं? जबाबदारी प्ले स्टोअरची की आपली?

खाडीकाठ, वेंगुर्ले
आत्या बाजारात मासे विकते. महिनाभर तिचं एकच गाऱ्हाणं: "फोन तव्यासारखो तापता, आणि धा वाजाक नेट संपता." दिवसाचा दीड जीबी! गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, पैसे आल्याचा मेसेज येत नाही, मागे रांग. दोनदा बांगड्याचे पैसे "मागाहून देतो" म्हणून गेले ते गेलेच. रविवारी तिच्या फोनमधली डेटा वापराची यादी उघडली. फोटोला फ्रेम लावणाऱ्या एका ॲपने सगळ्यात जास्त डेटा ओढलेला, तोही ती झोपलेली असताना. ॲप प्ले स्टोअरवरचंच. दुकान ज्याचं, जबाबदारी त्याची, असं माझं स्पष्ट मत आहे.

रत्नांग्रीकर
नाही पटत. बांगडा घेताना आपण कल्ले उघडून लाल आहेत का बघतो ना? मग ॲप घेताना का नाही? व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या एपीके फायलींनी (स्टोअरबाहेरून ॲप बसवणाऱ्या फायली) लोकांची खाती रिकामी झाली. त्यापेक्षा स्टोअर कितीतरी सुरक्षित. गुगलची तपासणी यंत्रणा, प्ले प्रोटेक्ट, ॲप तपासते, वाईट सापडलं की काढून टाकते. आणखी काय करायचं?

खाडीकाठ, वेंगुर्ले
कल्ले दिसले तर बघणार ना! सप्टेंबर २०२५ मध्ये ह्युमन या कंपनीच्या संशोधकांनी स्लॉपॲड्स नावाची जाहिरातींची फसवणूक उघडकीला आणली. २२४ ॲप, ३.८ कोटी डाउनलोड. थेट स्टोअरमधून घेतलं की ॲप सांगितलेलं काम करायचं, बाकी काही नाही. जाहिरातीवर बोट लागून घेतलं असेल, तरच चार चित्रांत लपवलेले प्रोग्रामचे तुकडे जोडून आतलं यंत्र सुरू. मग न दिसणारी पानं उघडायची, त्यांत जाहिराती लागायच्या, आणि माणसाने बघितली समजून जाहिरातदार पैसे मोजायचा. म्हणजे तपासणाऱ्याला ताजा मासा आणि आत्याला कुजका. गुगलने ती ॲप काढली, पण ३.८ कोटी डाउनलोड झाल्यावर. जाहिरातींचा मोठा धंदाही गुगलचाच आहे, हे विसरू नका.

दुरुस्तीवाला, कुडाळ
माझ्या टेबलावर असे फोन येतात. लोक बॅटरी बदलायला सांगतात आणि बॅटरी ठणठणीत असते. २०१९ साली उघड झालेलं, ॲपमध्ये लपलेलं ड्रेनरबॉट महिन्याला १० जीबीपर्यंत डेटा खायचं, न दिसणारे व्हिडिओ चालवून. काही ॲप तर आपलं चिन्हच लपवतात, त्यामुळे स्क्रीनवर शोधून उपयोग नाही. सेटिंगमध्ये ॲपची पूर्ण यादी उघडा, तिथून काढा. आणि रत्नांग्रीकर, साठीच्या बाईने परवानग्या वाचाव्यात ही अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते. फोन इंग्रजीत असला की त्याही इंग्रजीतच येतात.

देवगडचा पोरगा
मी भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं छोटं ॲप करतोय. स्टोअर कडक करा म्हणणं सोपं आहे. त्यात माझ्यासारखा एकटा आधी अडकतो, टोळ्या नवीन नावाने परत येतात. कडक व्हायचंच तर आधी जाहिरातींचे पैसे कुणाच्या खात्यात जातात ते तपासा, ते थांबवा.

रत्नांग्रीकर
हे मात्र पटलं. तरीही सावधगिरी सोडू नये, यावर मी ठाम आहे. खाडीकाठ, आत्यांनी ते ॲप घेतलं कुठून?

खाडीकाठ, वेंगुर्ले
आत्ताच फोन करून विचारलं. नातू गेम खेळत होता, मध्येच जाहिरात आली, बंद करायची फुली सापडेना, तिथेच बोट लागलं.