वाढीचा वेग कशाने वाढेल: जास्त हातांनी की दर हाती निघणाऱ्या जास्त कापडाने?

हिशेबनीस: अर्थव्यवस्था दीर्घकाळ किती वेगाने वाढू शकते, हे दोन आकड्यांवर ठरतं: कामाचे एकूण तास आणि तासामागचं उत्पादन. पहिल्यावर आता फार काळ विसंबता येणार नाही. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, २.० होता, महाराष्ट्राचा १.७; लोकसंख्या जागेवर ठेवायलाही हा पुरत नाही. उरतो दुसरा. यंत्रमागांच्या इचलकरंजीचा ढोबळ हिशेब मांडतो. इंचाला ५२ पिकांचं (पीक म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा) कापड, मिनिटाला १५० पिकांचा साधा माग, ८० टक्के कार्यक्षमता: तासाला साडेतीन मीटर. कामगार सहा माग बघतो, म्हणजे २१ मीटर. हवेच्या झोताने बाणा फेकणारा एअरजेट माग ६०० पिकांवर, ९० टक्क्यांनी चालला तर १६ मीटर. आठ माग धरले तर १२६. माणूस तोच, कापड सहापट. साधे माग भंगारात काढायलाच हवेत.

वहिफणी: ते ९० टक्के कुठून आणलेत? साइझिंग, म्हणजे ताण्याला दिलेली खळ, कच्चं असेल तर ६०० च्या वेगाला ताणा (उभे धागे) तुटतच राहतो. दर वेळी माग थांबतो, धागा शोधायचा, वहीतून (ताणा वर-खाली करणारी चौकट) आणि फणीतून ओवून गाठ मारायची. हवेत ओल किंवा तेल आलं की बाणा पलीकडे पोचत नाही, कापडात डाग पडतात ते वेगळेच. कार्यक्षमता ६० वर आली की माग साडेदहा मीटरवर येतो; कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच, आणि कॉम्प्रेसरची वीजही फारशी कमी होत नाही. आधी चांगलं सूत, साइझिंग आणि शिकलेला जॉबर (माग दुरुस्त करणारा), मग यंत्र. उलट क्रमाने गेलेला कारखाना बुडतो.

कोरडवाहू: दोघांचाही हिशेब कारखान्याच्या दारापाशी संपतो. सहापट कापड म्हणजे तेवढ्याच मागणीला सहातले पाच कामगार नकोत. ते कुठे जाणार? २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत ४६ टक्के कामगार शेतीत होते, देशाच्या एकूण मूल्यवर्धनात शेतीचा वाटा मात्र पाचवा हिस्साही नाही. हे पाच जण तिथे परतले तर कारखान्याचा आकडा सुधारेल, देशाची सरासरी जागेवरच राहील. स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४२ च्या घरात गेला. पण त्यातल्या कितीतरी घरच्या शेतात बिनपगारी राबतात. हात वाढले, उत्पादन तेवढं वाढलं नाही.

हिशेबनीस: वहिफणी, क्रम मान्य. कोरडवाहू, साधे माग राखून ते पाच जण वाचत नाहीत. महाग कापडाला गिऱ्हाईकच राहत नाही. त्यांना शिलाईत घ्या. एकसारखं कापड मिळालं तर तिथे खरोखर माणसं लागतात.

कोरडवाहू: लागतात, पण शिलाई युनिट आधी उभं राहायला हवं. मागवाल्याला यंत्रासाठी अनुदान द्यायचं आणि शिलाईसाठी शेड, पाळणाघर, बायांना ने-आण करणारी बस यांना पैसे नाहीत म्हणायचं, हे मला पटत नाही.