इंदूर : २५० माणसांचा पत्र्याचा हॉल, डक्ट कूलर किती आणि कुठे बसवावेत?

स्नेहलतागंजकर
आमच्या मंडळाच्या हॉलसाठी कूलर घ्यायचे आहेत. हॉल ६० बाय ४० फूट, पत्र्याचं छप्पर, उंची सरासरी १४ फूट, फॉल्स सीलिंग नाही. ६० फुटांची बाजू पूर्व-पश्चिम. पश्चिमेची भिंत मोकळ्या प्लॉटकडे, पूर्वेला स्टेज आणि त्यामागे स्वयंपाकघर. दक्षिणेला ४ बाय ४ च्या सहा सरकत्या खिडक्या, उत्तरेला मुख्य दार. एप्रिल-मेमध्ये मुंजी, लग्नं, दुपारच्या पंगती, गर्दी २००-२५०. पाणी बोरिंगचं, चांगलंच जड. नर्मदेचं एक दिवसाआड येतं.

एक विक्रेता १८ हजारवाले (तासाला १८ हजार घनमीटर हवा देणारे) चार डक्ट कूलर, म्हणजे बाहेर बसवून मोठ्या चौकोनी नळीतून (डक्टमधून) हवा आत सोडणारे, सांगतो आणि ‘खिडक्या बंद ठेवा, गारवा टिकेल’ म्हणतो. दुसरा म्हणतो सहा जंबो कूलर आत ठेवा, काम होईल. खरं किती लागतात? आणि पाणी किती जाईल?

वारा_आणि_जाळी
खिडक्या बंद ठेवायला सांगणाऱ्याकडून कूलर घेऊ नका. हा एसी नव्हे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून ओढून आत ढकलतो. जितकी आत आली तितकी बाहेर गेली पाहिजे, नाहीतर अर्ध्या तासात हॉलची हवा ओलसर होते आणि माणसं घामाने चिकचिकतात. जंबो कूलर आत ठेवले तर तेच होणार, कारण ते आतलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतात. जंबोच घ्यायचे तर त्यांची पाठ खिडकीबाहेर निघाली पाहिजे.

आता हिशोब. ६० × ४० × १४ म्हणजे ३३,६०० घनफूट. तासाला ३० वेळा हवा बदलायची, तर मिनिटाला १६,८०० घनफूट, म्हणजे तासाला साधारण २८,५०० घनमीटर. कूलरवर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. डक्ट आणि त्याच्या तोंडाची जाळी लावल्यावर २० ते ३० टक्के कमी धरा. १८ हजारवाला प्रत्यक्षात १३-१४ हजार देतो. म्हणून दोन. चार नकोत.

इंदुरात मेच्या दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या बल्बचं तापमान (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते; कूलरची हवा याच्या खाली जात नाही) २४ च्या आसपास येतं. दोहोंतला फरक १८ अंश. सहा इंची हनीकोंब पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या नळ्यांचं, कागदाचं), हवेचा वेग बेताचा असेल तर, त्यातला ८५ टक्के फरक काढतं, म्हणजे जाळीतून २६-२७ अंशांची हवा येते. गवताच्या पॅडचा परिणाम ६०-७० टक्क्यांवर अडतो आणि एका हंगामात ते खाली बसतं; मग वर फट पडते आणि तिथून गरम हवा सरळ आत.

पॅडचं क्षेत्रफळ मोजून घ्या. पॅडवर हवेचा वेग सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास हवा, म्हणजे दोन्ही कूलर मिळून साडेचार चौरस मीटर पॅड. वेग अडीच मीटरच्या वर गेला की पाण्याचे थेंब हवेबरोबर डक्टमध्ये येतात.

बाहेर जाण्याच्या वाटेला दर हजार सीएफएममागे (मिनिटाला हजार घनफूट हवेमागे) अडीच चौरस फूट धरा, एकूण ४२. तुमच्या खिडक्या सरकत्या आहेत, त्या अर्ध्याच उघडतात, हे विक्रेते विसरतात. प्रत्येकी ८ चौरस फूट.

स्नेहलतागंजकर
म्हणजे सहाही उघडल्या की ४८. मग पुरे ना?

वारा_आणि_जाळी
आकड्याने पुरे, जागेने नाही. कूलर पश्चिमेला बसतील (उन्हाळ्यात वारा बहुतेक तिकडूनच येतो, त्याचा फायदा). त्यांच्याजवळच्या तीन खिडक्या उघड्या राहिल्या तर गार हवा तिथूनच निघून जाईल आणि स्टेजकडचे लोक उकडतील. त्या बंद. पूर्वेकडच्या तीन उघड्या, २४ चौरस फूट. स्वयंपाकघराचं ३ बाय ७ चं दार उघडं ठेवा, २१. झाले ४५. हवा हॉलमधून स्वयंपाकघरात आणि तिथल्या एक्झॉस्टने बाहेर गेली की फोडणीचा धूरही पंगतीत येणार नाही. फक्त भट्टी दाराच्या सरळ रेषेत नको, ज्योत हलते.

बसवल्यावर परीक्षा सोपी आहे. उदबत्ती प्रत्येक उघड्या खिडकीशी धरा, धूर ठामपणे बाहेर जायला हवा. आणि मुख्य दार आतून बाहेर उघडताना आपोआप ढकललं गेलं, बंद करताना जड लागलं, तर वाट कमी पडते आहे. आणखी एक खिडकी उघडा.

डक्ट : एका कूलरमागे पावणेतीन फूट बाय पावणेतीन फूट. तेवढ्यात वेग सेकंदाला साडेपाच मीटर राहतो. दोन फुटी डक्ट स्वस्त पडतो म्हणून गळ्यात मारतात; त्यात वेग जवळजवळ दुप्पट होतो, घरघर वाढते, मंत्र ऐकू येत नाहीत आणि पंखा तेवढी हवा ढकलतही नाही. जाळ्या ८-९ फुटांवर, खाली झुकलेल्या. १४ फुटांपर्यंतची हवा गार करायची गरज नाही, माणसं खालच्या सात फुटांत बसतात.

पत्रा_तज्ज्ञ
वरचं सगळं बरोबर, पण छप्पर कुणी मोजलं नाही. २५० माणसं बसली की साधारण १७ किलोवॅट उष्णता देतात, तेवढ्याने वरच्या हवेच्या हिशोबात दोन अंश वाढतात. उघडा पत्रा मात्र दुपारी इतका तापतो की तो एकटाच ३०-४० किलोवॅट खाली टाकतो. म्हणजे चारेक अंश. २७ ची हवा आत येऊनही हॉल ३३ ला जातो, आणि वरून पत्र्याची धग डोक्यावर जाणवते ती वेगळीच.

तिसऱ्या कूलरचे पैसे आधी छपरावर घाला. पत्रा घासून उन्हाळ्याआधी पांढरा परावर्तक रंग दोन हात, आणि जमेल तेव्हा खालून इन्सुलेशन असलेलं सीलिंग. फरक पहिल्याच दुपारी कळतो. आणि सीलिंग फॅन दुपारी लावू नका, ते पत्र्याखालचा गरम थर खाली ओढतात. भिंतीवरचे पंखे लावा. संध्याकाळी पत्रा थंडावला की मग सीलिंग फॅन चालतील. माळव्याची रात्र तशीही दयाळू असते. एप्रिलमध्ये नऊनंतर पंप बंद करून नुसता पंखा चालवला तरी पुष्कळदा भागतं.

बडोदेकर
आमच्याकडे हे आकडे लावू नका. बडोद्यात ४० अंश आणि ३५ टक्के आर्द्रता असली की तोच कूलर २९ च्या खाली जात नाही. इंदुरातही जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की तीच गत : ३३ अंश, ७० टक्के, आणि पॅडमधून येणारी हवा २९. तेव्हा पंप बंद, पंखा चालू, सगळ्या खिडक्या उघड्या.

क्षार_आणि_पाणी
पाण्याचा प्रश्न राहिला. दोन्ही कूलर मिळून भर दुपारी तासाला १९० लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. पण पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. ते टाकीत साठतात, पॅडच्या नळ्यांत खपली धरतात, हवा अडते. म्हणून थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. बोरिंगच्या जड पाण्यासाठी उडणाऱ्या पाण्याच्या निम्मं, म्हणजे प्रत्येक कूलरमागे तासाला ४५-५० लिटर. मोजायची युक्ती : सोडनळीखाली एक लिटरची बाटली धरा, ७५-८० सेकंदांत भरली पाहिजे. पाच तासांच्या कार्यक्रमाला एकूण १४००-१४५० लिटर लागतील. दोन हजारांची टाकी बास. शक्य असेल त्या दिवशी नर्मदेचं पाणी वापरा, त्यात सोडायचं पाणी एक तृतीयांशावर आणता येतं. सोडलेलं पाणी फरशी धुवायला, संडासात चालतं.

पॅड बसवताना एक चूक फार होते. काही पॅडना एक नळी जास्त तिरकी आणि दुसरी कमी तिरकी असते. जास्त तिरकी नळी बाहेरच्या, म्हणजे हवा शिरते त्या तोंडाकडे उतरती हवी. उलटं बसवलं तर पाणी आतल्या बाजूला वाहून थेंब डक्टमध्ये उडतात. पॅडवर कोरडा पट्टा दिसला तर वरच्या पाइपची भोकं तुंबली आहेत; तारेने साफ करा. सहा इंची पॅडला दर मीटर लांबीमागे मिनिटाला ९-१० लिटर पाणी फिरायलाच हवं.

सुरू करताना आधी दहा मिनिटं नुसता पंप, मग पंखा. कोरड्या पॅडवर पंखा लावला की धूळ आत ओढली जाऊन चिखल बसतो. बंद करताना उलट : पंप आधी बंद, पंखा वीस-तीस मिनिटं चालू, पॅड सुकतं, शेवाळं आणि वास येत नाही. पॅडला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर लावू नका, कागद सडतो. मऊ नायलॉनचा ब्रश, वरून खाली.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कडा घासा, कार्यक्रम नसला तरी. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. नुसतं पाणी ओतून देऊन ती जात नाहीत.

वारा_आणि_जाळी
विजेचं राहिलं, आणि त्यात कसर करू नका. प्रत्येक कूलरला स्वतंत्र लाइन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच), बॉडीला पक्कं अर्थिंग. ओला पत्रा, ओली फरशी आणि अनवाणी पोरं असा हा मामला आहे. टाकीत हात घालण्याआधी मेन बंद. मोटर थ्री-फेज असेल तर कुणी वायरिंगला हात लावल्यावर पंख्याची दिशा पाहा : दोन फेज अदलाबदल झाले की पंखा उलटा फिरतो, हवा पॅडमधून बाहेर जाते किंवा फारच कमी येते आणि सगळे पंपाला दोष देत बसतात.

स्नेहलतागंजकर
दोन कूलर, पावणेतीन फुटी डक्ट, पश्चिमेच्या भिंतीवर, आणि वाचलेल्या पैशांत छपराला रंग, असं मंडळापुढे मांडतो. स्टेजवरच्या हार्मोनियमला ओलाव्याचा त्रास होईल का?

वारा_आणि_जाळी
होतो. जाळीची तोंडं स्टेजवर नको, पंगतीच्या बाजूला वळवा, आणि पेटी कार्यक्रम संपला की झाकून दुसऱ्या खोलीत. स्वयंपाकघराच्या दारातूनही हवा जाणार आहे. पापड-कुरडया त्या वाटेवर उघड्या ठेवू नका, तासाभरात मऊ पडतात.