‘बेअर’ म्हणजे नक्की काय? अस्वल, ओझं की बाळंतपण?

लेथवाला:
आमचं कोल्हापुरात वर्कशॉप. रोज ६२०५ नंबरचं बेअरिंग (भोक २५ मिमी) हाताळतो, पण शब्दाचा अर्थ कधी विचारात घेतला नाही. काल नववीतल्या लेकीनं विचारलं, ‘बाबा, बेअर म्हणजे सहन करणं, मग झाडाला फळं येणं पण बेअर कसं? आणि बॉर्न?’ मी म्हटलं, आईला विचार. आई म्हणाली, बाबांना विचार.

निवृत्त मास्तर:
मूळ अर्थ एकच, वाहणे. शाफ्टचा भार वाहतं ते बेअरिंग. दुःख वाहिलं की सहन केलं. पोटात वाहून जन्म दिला, त्यातून बॉर्न आणि बर्थ. शेवटी ‘ई’ असलेलं बॉर्न वाहण्या-सोसण्यासाठी, ‘ई’ नसलेलं जन्मासाठी. पेपरात इथंच मार्क जातात. ‘बर्डन’ही त्याच घरातला. आणि तिरडीला इंग्रजीत ‘बिअर’ म्हणतात, तीही वाहायचीच! प्यायची बिअर वेगळी, स्पेलिंगही वेगळं.

लेथवाला:
आणि अस्वल?

निवृत्त मास्तर:
त्याचा संबंध नाही, नुसती उच्चाराची गाठ.

शब्दवेडी:
मास्तर, मजेची गोष्ट राहिली. संस्कृत ‘भृ’ हा त्याच मुळातला धातू. त्यातून आपला भार, भारा, भरणपोषण. लॅटिनमध्ये तोच ‘फेरे’, म्हणून ट्रान्सफर. ग्रीकमध्येही तेच मूळ, म्हणून फॉस्फरस म्हणजे प्रकाश वाहणारा. आणि भर्ता, म्हणजे जात्यावरच्या ओव्यांतला भ्रतार, भार वाहणारा नवरा.

लेथवाला:
हे बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, गॅस सिलेंडर आत आणून ठेवा मग.