एअरस्ट्रीमच्या छोट्या प्रतिकृतीवर ॲल्युमिनियमची चकाकी कशी आणावी?

प्रश्न: १९३६ च्या एअरस्ट्रीम क्लिपरची, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या ॲल्युमिनियमच्या फिरत्या घराची, १:२४ मापातील प्रतिकृती मी प्लायच्या किटमधून बांधत आहे. चंदेरी रंग दिल्यावर ती पत्र्याच्या डब्यासारखी दिसली, आणि नंतर फॉइल चिकटवली तर गोलाकार टोकांवर सुरकुत्या पडल्या. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर: आपण अखंड फॉइल लावत असाल, तर सुरकुत्या पडणारच. मूळ गाडीची टोकेही निमुळत्या पट्ट्या जोडूनच घडवलेली असतात, त्यामुळे कागदाचे नमुने कापून पाकळ्यांसारखे तुकडे लावावेत. त्याआधी प्लायला सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या लेपाचे) दोन-तीन हात देऊन बारीक पॉलिश पेपरने घासावे, कारण फॉइलखालचा धुळीचा कणही डोळ्यांत खुपतो.

उत्तर: वरील सूचनेशी सहमत आहे, मात्र रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी) विसरू नयेत, कारण गाडीचा खरा चेहरा तोच. शिवणकामाच्या ट्रेसिंग व्हीलचे दाते या मापाला फार विरळ पडतात. मी जुन्या घड्याळाचे दातेरी चाक काडीला बसवून, चिकटवण्यापूर्वी फॉइलच्या मागच्या बाजूने पट्टी धरून फिरवतो, म्हणजे पुढच्या बाजूला रिव्हेटसारखे ठिपके उठतात. प्रतिकृतीवरील १ मि.मी. म्हणजे मूळ गाडीवरचे जवळजवळ १ इंच अंतर.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बंद पडलेले गजराचे घड्याळ आजच उघडतो.