विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीसाठी अर्ज नेमका कोणाकडे करावा?

नमस्कार. मी ठाण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या जुलैमध्ये आमच्या वाचनालयाची वेळ संध्याकाळी सातऐवजी चारपर्यंत करण्यात आली. सकाळचे तास संपवून वागळे इस्टेटमध्ये अर्धवेळ काम करणाऱ्या आणि घरी अभ्यासाला जागा नसलेल्या मुलामुलींना त्यामुळे बसायला ठिकाणच उरले नाही. आम्ही सह्यांचे निवेदन दिले. विद्यार्थी परिषदेमार्फत या, असे उत्तर मिळाले. परंतु परिषदेवरील सगळे विद्यार्थी शिक्षकांनी निवडलेले आहेत. मग निवडणूक घ्या, असे आम्ही म्हटले, तेव्हा ‘वरून आदेश नाही’ एवढेच तोंडी सांगण्यात आले.

मी जे वाचले त्यानुसार, 1994च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक बंद करून गुणवत्तेवर नेमणूक आणली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 99 ने मतदान परत आणले. निवडणुकीमुळे हाणामाऱ्या होतील, ही पालकांची भीती मला खोटी वाटत नाही. पण त्यासाठीच विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात हे सांगणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने त्या 2006 मध्ये लागू केल्या असून त्यांत उमेदवाराच्या खर्चावर 5,000 रुपयांची मर्यादा आणि 75 टक्के हजेरीची अट आहे.

तक्रार निवारण समितीकडे जा, असेही काहींनी सुचवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023च्या विनियमांप्रमाणे तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि पुढे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. मात्र त्या समितीतही विद्यार्थी केवळ विशेष निमंत्रित असतो आणि तोही नेमलेलाच. एखाद्याची तक्रार ऐकून घेणे वेगळे आणि सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला तरी असणे वेगळे, असे मला मनापासून वाटते.

जाणकारांनी कृपया सांगावे: निवडणुकीचे वेळापत्रक महाविद्यालय ठरवते, विद्यापीठ की शासन? ‘वरून आदेश नाही’ याचा लेखी पुरावा मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज महाविद्यालयाच्याच जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा, की विद्यापीठाच्या? आणि असा अर्ज केल्यावर कोणाच्या अंतर्गत गुणांवर परिणाम झाल्याचा अनुभव आहे का? या एका भीतीपोटी आमच्या वर्गातील दोघींनी सही मागे घेतली आहे, म्हणून अर्ज माझ्या एकटीच्या नावाने करण्याचा विचार आहे.